एका कडीचे दोन कंदील

आमच्या दारात एका भाऊबीजेला दोन सख्ख्या भावांनी एकमेकाचं थोबाड फोडलं, माझं गळ्याखालचं हाड मोडलं, अन् अंगणात मांडलेल्या शेणाच्या पांडवांचा पार चेंदा केला. कशापायी म्हणसाल तर कागदाच्या कंदिलापायी. ऐकणारा हसतो. हसा बाबा. माझं हाड थंडीत आजबी ठणकतंय, मला काही हसू येत न्हाई.

ते दोघं माझे साळे. थोरला मुंजाजी, धाकटा हरीश, अन् दोघांच्या मधली माझी बायको मंजुळा. तिचं माहेर हट्ट्याच्या अलीकडं, मी डोंगरकड्याचा. दोघंबी मला दाजी म्हणतात. मारतानाबी दाजीच म्हणत होते, ते पुढं येईल.

आधी सासऱ्याचं सांगतो. रामकिशन नाव. शेतकरी माणूस, पण हाताला कागदाची कळा. जवानीत वसमतला एका ताबूत करणाऱ्या म्हाताऱ्याजवळ बसून बसून शिकले. मोहरमला त्याच्या हाताखाली ताबूत, दिवाळीला आपल्या घरी कंदील. बांबूच्या कामट्या काढायच्या, त्याची चांदणी बांधायची, वरून पतंगी कागद चिटकवायचा, खाली झिरमिळ्या. आत पणती ठेवली की असं वाटायचं, पिकली पपई कोणी दारात टांगलीय. एक कंदील कधी विकला न्हाई म्हाताऱ्यानं. म्हणायचे, हे द्यायचं काम हाय, विकायचं न्हाई.

त्यांच्या गावात रीतच तशी. लेक सासरी गेली की भाऊबीजेला भावानं आपल्या हातचा कंदील घेऊन जायचा अन् आपल्या हातानं तिच्या दाराला टांगायचा. साडी-चोळी त्याच्यानंतर. इकतचा चालत न्हाई, दुसऱ्याच्या हातचा चालत न्हाई. तुळशीच्या लग्नापर्यंत त्यो दारात राहतो. गल्लीतून येणारी-जाणारी बाई मान वर करून पाहते अन् समजून जाते, का या घरच्या सुनेच्या मागं माणसं हायेत. सासूनं हात उचलायच्या आधी एकदा कंदिलाकडं पाहावं, असा त्याचा मतलब.

म्हाताऱ्यानं दोन पोरांला काम वाटून शिकवलं. मुंजाजीला बांबू, हरीशला कागद. लोक म्हणतात, पोरांनी संगट राहावं म्हून म्हाताऱ्यानं अक्कल लढवली. मला तसं वाटत न्हाई. मुंजाजी रेड्यावानी दांडगा, कागद हातात आला की फाटायचा. अन् हरीश बांबूचं कूस बोटात गेलं की ईळभर रडायचा. म्हाताऱ्यानं ज्याला जे जमलं ते दिलं. पण झालं असं, का एकाला दुसऱ्याबिगर कंदील करता येत नव्हता.

दर साली दोघं एष्टीनं यायचे. कंदील दोघांच्या मधी, एका बाजूनं ह्याचा हात, एका बाजूनं त्याचा. कंडक्टर म्हणायचा, "ह्याला बी अर्धं तिकीट लागंल." मुंजाजी म्हणायचा, "मांडीवरच्या लेकराला लागतं का?" अंगणात आले की दारावरच्या तुळईला जी लोखंडी कडी हाय, तिला टांगायचे. मंग ओवाळणी, जेवण, अन् माझी टिंगल. मी वसमतच्या मोंढ्यात हळदीची पोती उचललेला माणूस, पण ते दोघं घरात आले की मी बारीक दिसायचो.

ज्या साली हिंगोली जिल्हा झाला त्या साली सासरे वारले. सासूबाई शालूबाई तर कवाच गेल्या होत्या. मंग वाटणी झाली. जमीन वाटता आली, बैल वाटता आले. हीर एकच, मोटार एकच, अन् लाईट यायची तवा यायची. एक दिस मुंजाजी, एक दिस हरीश, अशी पाळी लावली.

एका उन्हाळ्यात मुंजाजीच्या पाळीला स्टार्टरचा फ्यूज कोणीतरी काढून नेला. ऊस वाळून राहिला होता. मुंजाजी कुऱ्हाड घेऊन हरीशच्या रानात गेला. कुऱ्हाडीचं पातं काढून टाकलं अन् दांडा घेतला, म्हणजे बघा, तवाबी जिवानिशी मारायचं मनात नव्हतं. पहिला दांडा तोंडावर बसला. हरीशचे समोरचे दात तिथंच गळाले. दुसरा बरगडीवर. मंग त्यानं धाकट्याला मानगुटीला धरून फरफटत हिरीच्या काठावर नेलं, अर्धं अंग आत लोंबवलं, अन् म्हणला, "फ्यूज सांग. न्हाईतर हाणतो खाली."

हरीशच्या हातात गवत कापायचा कोयता तसाच राहिला होता. त्यानं खालूनच वर घातला. मुंजाजीच्या डाव्या हाताची करंगळी अन् तिच्या शेजारचं बोट तुटून हिरीत पडलं. मुंजाजी काही वरडला न्हाई. हाताकडं पाहिलं, मंग हिरीत पाहिलं. अन् उरलेल्या बोटांनी हरीशला वर ओढून काठावर टाकलं, अन् त्याच्या छातीवर बसून बेशुद्ध होईपर्यंत त्याला बुक्क्या घातल्या. बेशुद्ध कोण झालं, तर दोघंबी.

बोटं काढायला कोण उतरतं. त्या हिरीचं पाणी मंग सालभर कोणी पिलं न्हाई, पिकाला दिलं. फ्यूज घुशीनं ओढून नेला होता, हे पावसाळ्यात समजलं. पर तवा कोण कोणाला सांगतं. पोलिसांनी कोयता नेला, केस उभी राहिली, तारखा सुरू झाल्या.

त्या साली दिवाळीला आमची कडी मोकळी राहिली.

शेजारची शकुंतलाबाई, तिची जीभ म्हणजे खुरपं. हापशावर सगळ्या बायांसमोर म्हणली, "काहून गं मंजुळा, औंदा अंधार दिसून राहिला दारात? माहेर मेलं का काय?"

मंजुळाच्या हातात भरलेली घागर होती. ती शकुंतलाबाईच्या पायावर पडली. "सुटली बाई हातातून," म्हणली, अन् रिकामी घागर परत भराया लागली. शकुंतलाबाई महिनाभर लंगडली. पण घरी आल्यावर मंजुळानं चुलीपुढं बसून जे तोंड झाकून घेतलं, ते मला पाहवलं न्हाई. मी म्हणलं, "वसमतला आता प्लॅस्टिकचे कंदील येऊन राहिलेत. एक आणतो, लावून टाकू." तिनं माझ्याकडं असं पाहिलं का मी चप्पल घालून बाहेर गेलो.

दुसऱ्या साली दसरा झाल्यावर तिनं मला माहेरी धाडलं. निरोप एकच. "भाऊबीजेला कंदील घेऊन या. दोघंबी या. न आलात तर मला बहीण म्हणू नका."

मुंजाजी गोठ्यात होता. ऐकून घेतलं. म्हणला, "येतो ना दाजी. पण त्यो दिसला तर तुमच्या दारातून एक जण खांद्यावर जाईल."

हरीश पलीकडच्या वस्तीवर. दातांच्या फटीतून बोलायचा, अर्धं बोलणं शिट्टीवानी. "मी काहून भिऊ? अजून तीन बोटं हायेत त्याच्या डाव्या हाताला. सांगा त्याला, घेऊन ये म्हणावं."

हरीशचं बोलणं मी वाटंत मुंजाजीच्या कानावर घातलं, अन् घरी येऊन दोन्ही जबाब बायकोला जसेच्या तसे सांगितले. ती भाकरी थापत होती. "येऊ द्या," म्हणली. "एक आला तर एकच भाऊ राहिला मला. मला दोन पाहिजेत."

भाऊबीजेला सकाळच्या एष्टीनं मुंजाजी आला. कंदील धोतराच्या फडक्यात बांधलेला. चालताना फेंगडा चालत होता, मी म्हणलं काटा-बिटा मोडला का. खाटेवर बसल्यावर पाहिलं तर दोन्ही पायांची बोटं चिंध्यांनी बांधलेली, चिंध्यांवर रगत वाळून काळं झालेलं.

"हे काय हो?"

"काही न्हाई. हातानं बांबू धरवत न्हाई आता. पायात धरून चिरला."

फडकं सोडलं. सांगाडा असा का बैलगाडीखाली घातला तर गाडी मोडंल. कोपरा न् कोपरा ताठ. पण कागद. खळ इतकी थापली होती का सगळीकडं गुठळ्या. कागद कुठं ताणून फाटलेला, कुठं सुरकुतलेला. एका बाजूला तर लाल कागदावर पिवळं ठिगळ. मला बापाची याद आली त्याच्या, अन् वाईट वाटलं. मंजुळानं कंदील हातात घेतला, फिरवून फिरवून पाहिला, म्हणली, "चांगला झालाय दादा." तिनं त्यो लावला न्हाई. ओसरीवर ठेवला. "हरीश येऊ दे."

मुंजाजी कडीकडं पाहत बसला.

दुपार कलली तवा हरीश आला. दोन्ही हातांवर कंदील आडवा, लेकरू घेतल्यावानी. कागद काय सांगू तुमाला. निळ्यावर चंदेरी नक्षी, करंज्यावानी कडा कातरलेल्या, झिरमिळ्या इतक्या बारीक का वाऱ्यानं आपोआप हालत होत्या. पण आत सांगाडा तुराट्यांचा. तुरीच्या काड्या. बांबू चिरता येत न्हाई ना. वाटंत एष्टीत हादरून एक कोपरा खाली बसला होता, अन् त्यो चालताना हनुवटीनं त्यो कोपरा उचलून धरून राहिला होता.

दोघांनी एकमेकाला दीड सालात पहिल्यांदा कोर्टाच्या बाहेर पाहिलं. मी दाराच्या मधी उभा राहिलो. पहिल्यांदा बोलला मुंजाजी, अन् बोलला ते माझ्याशी.

"दाजी, चूल पेटवायला तुराट्या मागवल्या होत्या का तुमी?"

हरीश ओसरीवरच्या कंदिलाकडं पाहून म्हणला, "दाजी, हे म्हशीनं चाटलेलं काय हाय?"

मला वाटलं, बोलण्यावर भागतं. न्हाई भागलं. मुंजाजी उठला, आपला कंदील उचलला, कडीखाली स्टूल ठेवलं अन् चढला. हरीशनं आपला कंदील तुळशीपाशी ठेवला, पळत आला, अन् मुंजाजीच्या कंदिलात कोपरापर्यंत हात घातला. कागद टर्रकन फाटला.

मुंजाजी स्टुलावरूनच त्याच्या अंगावर पडला. त्याचं कपाळ हरीशच्या नाकावर बसलं, नारळ फोडल्यावानी आवाज झाला. हरीशच्या नाकातून रगताची धार मुंजाजीच्या धुतलेल्या सदऱ्यावर. दोघं अंगणात लोळले. पाडव्याचे शेणाचे पांडव मांडलेले होते, त्यांच्यावरून लोळले. हरीशनं हाताला आलेला दगड मुंजाजीच्या कानावर घातला. मुंजाजीनं त्याचा उजवा हात पिरगाळून पाठीमागं नेला अन् गुडघ्यानं दाबत गेला, दाबत गेला. हरीश आता वरडाया लागला होता, पण वरडता वरडता त्यानं मान वळवून मुंजाजीच्या दंडाचा लचका तोडला. समोरचे दात नव्हते तर बाजूच्या दातानं तोडला. तोडून थुंकला.

मी मधी पडलो. पोती उचललेला माणूस मी, मला वाटलं दोघांला दोन बगलेत धरून बाजूला करीन. मुंजाजी म्हणला, "दाजी, बाजूला व्हा." मी म्हणलं, "न्हाई होत." तवर हरीश सुटून उठला होता, त्यानं स्टूल उचललं अन् मुंजाजीच्या डोक्याचा नेम धरून दोन्ही हातांनी घातलं. मुंजाजी वाकला. स्टूल माझ्या गळ्याखालच्या हाडावर मोडलं. स्टूलबी मोडलं अन् हाडबी मोडलं. डोळ्यापुढं काजवे. भिंतीला टेकून खाली बसलो, उजवा हात मेलेल्या सापावानी लोंबायला लागला.

हरीश म्हणला, "लागलं का दाजी?" अन् तेवढ्यात मुंजाजीची लाथ त्याच्या पोटात बसली.

अंगणाच्या भिंतीवर माणसं चढली होती. शकुंतलाबाई तर भिंतीवरून डोकावत पदरातला चिवडा खात होती. सोडवायला एक आला न्हाई. मुंजाजी आता हरीशच्या उरावर होता अन् त्याचा चांगला हात, उजवा, हरीशच्या नरड्यावर. डाव्या हाताची तीन बोटं त्याच्या डोळ्याजवळ. "घे ना तीन," म्हणून राहिला होता. "घे ना, मोजून घे." हरीशचे पाय माती उकरत होते. मंग हळूहळू कमी उकराया लागले.

मंजुळा ओवाळायचं ताट घेऊन घरातून बाहेर आली. नवी साडी, नाकात नथ. ताट ओसरीच्या कट्ट्यावर नीट ठेवलं, निरंजन विझू नये म्हून आडोशाला ठेवलं. आत गेली अन् मुसळ घेऊन आली.

पहिलं मुसळ मुंजाजीच्या पाठीवर, खांद्याच्या खाली. त्यो गडगडला. हरीश खोकत उठायला गेला तर दुसरं त्याच्या नडगीवर. त्यो परत खाली. मुंजाजी उठाया लागला तर परत त्याच जाग्यावर. मिरच्या कुटल्यावानी कुटत होती. दोघंबी उठायचं सोडून देईपर्यंत कुटलं.

मंग निरंजन घेतलं. आधी मुंजाजीच्या कंदिलाला लावलं, मंग तुळशीपाशी जाऊन हरीशच्या. पतंगी कागद भक्कन पेटला. तुराट्या तर तडतड वाजल्या. हरीश म्हणला, "अगं अक्का," अन् पुढं बोलला न्हाई. आग विझंपर्यंत दोघं पाहत राहिले. बापाला अग्नी दिल्यावर त्यांनी एका जागी राहून आग पाहिली ती तीच.

मंजुळानं फाटकाची कडी लावली. माझ्याजवळ आली, माझा लोंबता हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला, अन् उसाचा कोयता आणून दोघांच्या मधी मातीत टाकला.

"परसात केळीच्या टेकूला बांबू हाय. तोडून आणा. कंदील करा. एक."

"न्हाई केला तर?" हरीशनं विचारलं.

"न्हाई केला तर फाटक उघडते. जा दोघं. वाटंत एकमेकाला मारून टाका, मी रडायला येत न्हाई. अन् मी मरंन तवा माझ्या अंगावर टाकायला माहेरची साडी आणू नका. शकुंतलाबाई," भिंतीकडं न पाहताच म्हणली, "ऐकून ठेवा. मी मेल्यावर माहेरच्या साडीबिगर न्या मला."

शकुंतलाबाईचं चिवडा खाणं थांबलं. बायामाणसाला या बोलण्याचा अर्थ ठाऊक असतो, माहेर कायमचं तुटलं.

मुंजाजी उठला. परसातून बांबू ओढत आणला. कोयत्यानं त्याचा हातभर तुकडा तोडला, जमिनीवर उभा केला, डाव्या हातानं धरला. तीन बोटांत बांबू बसंना. कोयता टेकवला की बांबू फिरायचा. मंग खाली बसून दोन पायांत धरला. जोर दिला तर चिंध्या परत ओल्या झाल्या, बांबू रगतानं घसरून बाजूला पडला. परत धरला, परत पडला.

"हरीश," मंजुळा म्हणली, "धर त्याला बांबू."

"मी?"

"त्याचा हात कोणामुळं गेला? तुपला हात दे."

हरीश गुडघ्यावर सरकत सरकत मुंजाजीपुढं आला. त्याच्या नाकातलं रगत हनुवटीवरून गळत होतं. त्यानं बांबूच्या शेंड्याला दोन्ही हातांनी मिठी मारली, कोयत्याच्या वाटंतच, अन् डोळे मुंजाजीवर लावून बसला.

मुंजाजीनं कोयता उचलला. डोक्याच्या वर नेला.

मला उठता येत नव्हतं. मी पाहत होतो. कोयता माझाच, धार माझ्याच हातची. असा लावून ठेवलेला का उसाचं कांडं एका घावात दोन. मला दिसत होतं का हरीशचे दोन्ही अंगठे बांबूच्या तोंडावर आलेत. कोयता खाली आला की दोन्ही जाणार. अन् कोणी म्हणलं नसतं का मुद्दाम तोडले. बांबू चिरताना गेले, असंच लोक म्हणले असते. पोलिसालाबी तेच सांगितलं असतं. मुंजाजीलाबी दिसत होतं. त्यो अंगठ्यांकडंच पाहत होता. त्याच्या दंडातून, जिथं लचका गेला होता तिथून, रगत कोपरावर येऊन एक एक थेंब हरीशच्या मनगटावर पडत होतं.

हरीशनं हात हालवले न्हाई. मला आजबी समजत न्हाई, त्याला दिसत नव्हतं का दिसत होतं.

मुंजाजी म्हणला, "अंगठा आत घे."

"आं?"

"अंगठा. वर काहून ठेवला? तुटून जाईल ना, हेंदऱ्या. बापानं सांगितलं न्हाई का?"

"मला कागद शिकवला," हरीश म्हणला. "बांबू तुला शिकवला."

"मंग खाली धर. अजून खाली. मूठ आवळ. अंगठा मुठीच्या आत." मुंजाजीनं कोयता खाली न करताच, पायाच्या अंगठ्यानं त्याचे हात खाली ढकलले. "आता हालू नको. हाललास तर मी काही करू शकत न्हाई."

कोयता आला. फाटकन बांबू बुडापर्यंत उकलला. हरीशच्या मुठीच्या दोन्ही बाजूला दोन फाका पडल्या अन् त्यो तसाच, रिकामी मूठ आवळून बसला. मंग एका बाजूला वाकून भडाभडा ओकला. मुंजाजी थांबला. ओकून झाल्यावर म्हणला, "दुसरा धर."

मंजुळा आत गेली खळ शिजवायला.

पुढं ते दोघं बोलले ते नुसतं कामाचं. धर. सोड. दोरा दे. गाठ इकडून. हरीशच्या पिशवीत उरलेले ताव होते, लाल अन् पांढरे. त्याचा उजवा हात सुजून भोपळा झाला होता, तर कातर मुंजाजीनं चालवली अन् कागद हरीशनं फिरवला. मुंजाजी कातरताना चुकला की हरीश म्हणायचा, "आरं बैला," अन् मी भिंतीशी दचकायचो. पण काही झालं न्हाई. दिस बुडता बुडता कंदील उभा राहिला. पांढऱ्या कागदावर चहूबाजूंनी बोटांचे लाल ठसे. कोणाचे कोणते, ते देवाला माहीत.

स्टूल तर माझ्या हाडावर मोडलेलं. मुंजाजी कडीखाली ओणवा झाला. "चढ."

हरीश चढला.

"तिथं नको, मुसळ बसलंय तिथं. बाजूला पाय ठेव."

"सगळीकडंच बसलंय तुला. कुठं ठेवू?"

मंजुळानं त्या दिशी पहिल्यांदा तोंडाला पदर लावला. हसली का रडली, मी विचारलं न्हाई.

कंदील लागला. पणती आत ठेवली. मंग दोघांला पाटावर बसवलं अन् ताट घेतलं. बोटाला कुंकू घेऊन मुंजाजीपुढं थांबली. त्याचं कपाळ मधोमध फुटलेलं. हरीशचं नाकापासून वर सगळं सुजलेलं.

"कुठं लावू?" म्हणली. "जागा तरी ठेवायची होती."

मुंजाजी म्हणला, "हाय त्याच्यावरच लाव."

त्याच्यावरच लावलं. जखमांवर घरची हळद थापली, दोघांच्याबी, माझ्याबी. माझं हाड दुसऱ्या दिशी वारंग्याच्या एका हाड बसवणाऱ्यानं बसवलं, वाकडं बसवलं, ते वाकडंच राहिलं.

लोकांला वाटतं, त्या दिसापासून भाऊ भाऊ एक झाले. काही झाले न्हाई. सकाळच्या एष्टीत मुंजाजी ड्रायव्हरच्या मागं बसला अन् हरीश पार शेवटच्या बाकावर. केस चालली तशी चालली. हिरीवर पाळी अजून वेगळी, बांध अजून वेगळा, एकाच्या घरचं लगीन दुसऱ्यानं अजून खाल्लं न्हाई.

पण त्या सकाळी फाटकातून निघताना मुंजाजी फेंगडत माघारी आला होता. माझ्या खाटेजवळ उभा राहिला. माझ्या हाडाकडं पाहून कसनुसा झाला, माफी-बिफी काही मागितली न्हाई.

"दाजी, पुढच्या साली बांबू ओला आणून ठेवा. वाळका फार उडतो. धरणाऱ्याच्या हाताला लागंल."

म्या दसऱ्यालाच आणून ठेवला. दर साली ठेवतो.